निरोगी आधी, आजारी नंतर

"मेश्राम बाई, तुम्ही म्हणे लोखंडाचे कण रक्तात सोडता. मग ते आत गंजत नाहीत का?"

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीचे चेअरमन मला हे विचारत होते. आम्ही गच्चीवर पाण्याच्या टाकीशी उभे होतो आणि मुद्दा खरं तर टाकीच्या गळतीचा होता. मी म्हटलं, "माणसाच्या नाही, उंदराच्या रक्तात. आणि गंजत नाहीत, कारण ते मुळात गंजच असतात." मला टाकीच्या समितीवर घ्यायचा विचार चेअरमननी तिथल्या तिथे सोडून दिला, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

पण मी खोटं बोलले नव्हते. लोखंडाला प्राणवायू भेटला की जे होतं त्याच्या अनेक जाती आहेत. खिडकीच्या गजांवर येते ती तांबडी जात. मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत नोकरीची सगळी वर्षं काळी जात तयार केली. गजांवरचा गंज फुकट येतो, माझ्या गंजाला सरकारी अनुदान लागायचं, एवढाच फरक. माझे कण इतके बारीक की डोक्याच्या एका केसाच्या रुंदीत हजारो शेजारी शेजारी बसतील. पाण्यात टाकले तरी तळाशी बसत नाहीत. बाटलीत कोरा चहा भरून ठेवल्यासारखं दिसतं. एका पाहुण्या प्राध्यापकांनी बाटली हातात घेऊन "बिनसाखरेचा ना?" असं विचारलं होतं, आणि ते विनोद करणाऱ्यांतले नव्हते.

मी मूळची भंडाऱ्याची. आजोबांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली आणि वडिलांनी आम्हा भावंडांना एकच गोष्ट बजावली, शिका. शिकायला म्हणून पुण्याला आले ती इथलीच झाले. पुण्याने मला 'अहो' म्हणायला आणि कमीत कमी शब्दांत समोरच्याचा पाणउतारा करायला शिकवलं. डोकं तापलं की मात्र तोंडातून अजून गावाकडचीच बोली निघते.

आता आमचा धंदा काय होता ते सांगते. एमआरआयचं यंत्र म्हणजे एक भलंमोठं चुंबक. ते शरीरातल्या पाण्याचा आवाज ऐकतं, असं मी लोकांना सांगते. भौतिकशास्त्रवाले नाक मुरडतील, मुरडू देत. जिथे पाणी नीट बोलतं ती जागा चित्रात उजळ दिसते. शेजारी आमचे कण आले की पाण्याचं बोलणं बिघडतं आणि ती जागा काळपट होते. कण सुटे असतील तर थोडं बिघडतं. ते एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले तर फार बिघडतं आणि चित्रात ठळक काळं दिसतं. साबुदाण्याची खिचडी डोळ्यांपुढे आणा. एक मोकळी झालेली, एक गिचका झालेली. साबुदाणा तोच, तूप तेच.

आमचं सगळं संशोधन या गिचक्यावर उभं होतं. प्रत्येक कणाला आम्ही एक अंगरखा घालायचो. तो अंगावर असेपर्यंत कण सुटे राहायचे. काही कॅन्सरच्या गाठी आपल्याभोवती एक विकर सोडतात. विकर म्हणजे ठरावीक गोष्टच कापणारं रसायन, असं समजा. आमचा अंगरखा त्याच विकराला कापता येईल असा मुद्दाम शिवलेला होता. म्हणजे निरोगी जागेतून कण मुकाट्याने फिरून जाणार, आजाराच्या जागी त्यांचा अंगरखा फाटणार, गोळे होणार, आणि चित्रात काळा ठिपका उमटणार. गाठ डोळ्यांना दिसण्याएवढी वाढायच्या आधी तिची चाहूल लागावी, एवढाच हेतू. आम्ही हे बीजांडकोशाच्या, म्हणजे ओव्हरीच्या, कॅन्सरसाठी करत होतो, कारण तो पोटात गुपचूप वाढतो आणि कळतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

लोखंडाबरोबर काम करायचं तर हाताच्या जुन्या सवयी मोडाव्या लागतात. प्रयोगशाळेत ढवळण्यासाठी एक सोय असते. भांड्यात चुंबकाची छोटी कांडी टाकायची आणि भांडं एका यंत्रावर ठेवायचं, कांडी आपोआप गरगरत राहते. आमच्याकडे पीएचडीला नव्याने आलेल्या ऋतुजाने महिनाभर खपून केलेले कण असे ढवळायला लावले आणि ती जेवायला गेली. परत येऊन पाहते तो भांड्यात नितळ पाणी आणि कांडीला काळी दाढी. पोरगी रडायलाच लागली. मी म्हटलं, "रडतेस कशाला? चुंबकाला लोखंड चिकटतं, हे तू स्वतंत्रपणे सिद्ध केलंस." हे पुण्याचं सांत्वन. नंतर तिला खाली नेऊन चहा आणि वडा खाऊ घातला, ते भंडाऱ्याचं. पुढे ऋतुजा आमच्यातली सगळ्यात चांगली रसायनतज्ज्ञ झाली.

आमच्या संस्थेत एमआरआय नव्हता. शहरातल्या एका तपासणी केंद्राशी ठरवलेलं होतं. रविवारी तिथे रुग्ण नसत, तेव्हा यंत्र आम्हाला मिळायचं. सकाळी संस्थेच्या गाडीत उंदरांचे पिंजरे आणि थंड डब्यात कणांची बाटली घेऊन निघायचं. केंद्रावर पोचलं की कणांत सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, मिसळायचं, म्हणजे टोचण्याजोगं होतं. मग एकेक उंदीर गुंगी देऊन झोपवायचा, टोचायचा, चुंबकात सरकवायचा आणि चित्राची वाट बघत बसायचं. पूर्ण दिवस मोडायचा. रविवार हा आईचा वार नसतो, हे माझ्या मुलाने लहानपणीच गृहीत धरलं होतं.

उंदीर सांभाळायचे तांबे. खडकवासल्याच्या पलीकडच्या एका गावचे, आवाज मोठा, हात अतिशय हलका. त्यांचा एक नियम होता आणि तो मोडायची सरांचीसुद्धा टाप नव्हती. निरोगी आधी, आजारी नंतर. आजाऱ्यांना लावलेले हात निरोग्यांना लागता कामा नयेत. नियम अगदी योग्य होता. प्राणी सांभाळणारे लोक जगभर तसंच करतात आणि पाहणीला आलेल्या समितीने त्याबद्दल तांबेंची पाठही थोपटली होती. आमच्या घरी गोवर आलेल्या पोराचं ताट शेवटी घासायचे, त्यातलाच प्रकार. त्यामुळे रविवारी सकाळी सगळे निरोगी उंदीर उरकायचे, मग आम्ही डबे खायचो, आणि दुपारी गाठी असलेल्या आजारी उंदरांची पाळी यायची.

निकाल असे यायचे की दृष्ट काढावी. निरोगी उंदीर उजळ, आजारी उंदीर काळे. एकही चुकायचा नाही. कुठल्याही प्रयोगात इतकं गोड कधी होत नसतं, तिथेच मनात पाल चुकचुकायला हवी होती. आम्ही पेढे वाटले.

मग आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, एका परिषदेत यावर बोलले. तिथे एक वार्ताहर बसलेला होता. दोन दिवसांनी पेपरात बातमी, 'आता कॅन्सर लपू शकणार नाही!' खाली सरांच्या नावावर एक वाक्य होतं, की दोन-तीन वर्षांत हे तंत्र रुग्णांसाठी उपलब्ध होईल. सर 'सगळं जमलं तर' असंही म्हणाले होते, ते छापायला जागा पुरली नसावी. फोटोत मधोमध सर, मागे यंत्र आणि कोपऱ्यात अर्धी मी.

आठवडाभर फोन वाजत होता. एका गृहस्थांना कण गुडघ्यात टोचून हवे होते. शनिवार पेठेतल्या एका आजोबांनी बातमीतल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दाखवून कात्रण आम्हाला पाठवलं, जणू बातमी आम्हीच लिहिली होती. अशा लोकांची मला सवय होती. वैशालीची नव्हती.

वैशाली पस्तिशीची, हिंजवडीत आयटीत नोकरीला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र आणि हातात हेल्मेट घेऊन ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"मेश्राम मॅडम तुम्हीच ना? फोटोत अर्ध्या होतात."

मी तिला बसायला सांगितलं. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

"माझी आई ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. मावशी पण. माझी जीन टेस्ट पॉझिटिव्ह आहे. डॉक्टर म्हणतात, दोन्ही ओव्हरीज आणि नळ्या काढून टाका, उशीर करू नका. मला एक मुलगी आहे. मला अजून एक मूल हवंय." ऑफिसात प्रेझेंटेशन द्यावं तसं तिने हे एका दमात सांगितलं. "सो माझा प्लॅन सिंपल आहे. तुमचे कण मला टोचा, स्कॅन करा. काळं आलं तर उद्याच्या उद्या ऑपरेशन. नाही आलं तर बाळ होईपर्यंत मी थांबते."

योजना खरंच साधी होती. अनुदानाच्या अर्जात आम्ही हेच लिहिलं होतं, फक्त आम्हाला जास्त पानं लागली होती.

मी म्हटलं, "हे अजून फक्त उंदरांसाठी आहे."

"मी लिहून देते. काही झालं तर जबाबदारी माझी."

"तुम्ही लिहून दिलंत तरी तुरुंगात मी जाते."

"उंदराला चालतं ते मला का नाही चालत?"

"उंदराला कुणी विचारत नाही, म्हणून."

ती हसली, पण हलली नाही. मग मी तिला नीट समजावलं. माणसाला टोचण्याआधी किती तपासण्या असतात, लिव्हरचं काय होतं, किडनीचं काय होतं, परवानग्या कुणाकुणाच्या लागतात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओके. मग मी थांबते. पेपरात दोन-तीन वर्षं लिहिलंय. तोवर बाळाचं बघते. तुमचं रेडी झालं की मला सांगा."

"अहो, पेपरात छापलेलं धरून चालू नका. डॉक्टरांचं ऐका."

"डॉक्टर कापू म्हणतात. तुम्ही बघू म्हणता. मला बघू म्हणणारी माणसं आवडतात."

खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं. कण करणाऱ्या बाईला असं कुणी कधी म्हणत नाही. त्यानंतर ती अधूनमधून व्हॉट्सॲपवर विचारायची, 'कण कसे आहेत?' मी उत्तर द्यायचे, 'मजेत.' आणि दर वेळी खाली लिहायचे, 'डॉक्टरांना भेटलात का?' त्यावर अंगठा यायचा. अंगठ्याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

चैत्रात तांबेंच्या गावची जत्रा असते. त्या वर्षी पालखीचा मान त्यांच्या घरी होता, त्यामुळे ते रविवारी नव्हते. मी आणि ऋतुजाने पिंजरे गाडीत भरले. आजारी उंदरांचे पिंजरे शेवटी आत गेले, म्हणून केंद्रावर ते आधी बाहेर आले.

ऋतुजा म्हणाली, "मॅडम, आधी हेच उरकू या का? पुन्हा वरखाली कोण करणार?"

"उरकू या. मधे हातमोजे बदल म्हणजे झालं."

पहिला आजारी उंदीर चुंबकात गेला. पोटात गाठ आहे हे आम्हाला ठाऊक होतं. चित्र आलं ते उजळ. वाटलं, टोचताना सुई हुकली असेल. दुसराही उजळ. तिसराही. आम्ही डबे कसेबसे उरकले. दुपारी निरोगी उंदीर घेतले आणि ते काळे आले, अगदी ठसठशीत काळे.

"पिंजरे उलटसुलट झाले असतील," ऋतुजा म्हणाली.

प्रत्येक उंदराच्या कानावर खूण असते. आम्ही एकेक कान तपासला. पिंजरे बरोबर होते, उंदीर बरोबर होते.

"माय वं," माझ्या तोंडून निघालं. नेहमीच्या रविवारपेक्षा वेगळं असं त्या दिवशी काय होतं? बाटली तीच, सुया त्याच, यंत्र तेच. क्रम तेवढा उलटा होता.

पुढच्या रविवारी मी एकही उंदीर नेला नाही. जत्रेहून परतलेले तांबे दारात उभे राहिले. "मॅडम, माझं काय चुकलं हाय का?"

"तांबे, तुमचं कधीच काही चुकत नाही, तोच तर घोळ झालाय," मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही आणि मला तेव्हा समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

केंद्रावर आम्ही सकाळी कणांत सलाइन मिसळलं, त्यातलं थोडं एका काचेच्या नळीत भरलं आणि नळीच चुंबकात ठेवली. चित्र उजळ. बाटली नेहमीप्रमाणे बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर ठेवली. चुंबकाच्या खोलीत कडक एसी असतो. बाहेरच्या खोलीत पंखा होता, तोही बोलणारा. दुपारी डबे खाऊन त्याच बाटलीतलं पुन्हा थोडं नळीत भरलं. चित्र काळंकुट्ट. बाटलीकडे पाहून काही कळत नव्हतं, तोच कोरा चहा. सलाइनच्या मिठाने आणि त्या खोलीतल्या उकाड्याने आमचा अंगरखा आपोआप उसवत होता. त्यासाठी कॅन्सरची गरज नव्हती. उंदराचीसुद्धा नव्हती.

शुद्ध पाण्यात, फ्रिजमध्ये, आमचे कण महिनोन्महिने टिकतात हे आम्ही पुन्हा पुन्हा तपासलं होतं. सलाइनमध्ये, त्या टेबलावर, आमचे डबे खाऊन होईपर्यंत टिकतात का, हे कुणीच पाहिलं नव्हतं. सकाळच्या निरोग्यांना ताजे कण मिळत होते आणि दुपारच्या आजाऱ्यांना गिचका. तांबेंच्या शिस्तीमुळे हे इतक्या बिनचूकपणे होत होतं की आम्ही त्याला यश समजत होतो.

सोमवारी मी सगळी चित्रं सरांपुढे मांडली. सर आधी चिडले. मग त्यांनी एकेक चित्र पुन्हा तपासलं. मग म्हणाले, "म्हणजे मेश्राम बाई, इतकी वर्षं आपण एक घड्याळ तयार करत होतो. सकाळ आहे की दुपार, ते सांगतं."

"हो, सर."

"अजून एक-दोनदा करून बघा. तोवर बाहेर बोलू नका."

"वैशालीला सांगायला हवं." सरांना तिची हकिकत माहीत होती.

"ती आपली रुग्ण नाही. आपण डॉक्टर नाही."

"ती थांबलीय, सर. आपल्या बातमीवर विसंबून थांबलीय."

"बातमी आपली नाही, वार्ताहराची आहे."

इथे माझं डोकं फिरलं. "काय बोलून राहिले तुम्ही, सर? फोटो तर तुमचाच हाये ना त्यात!"

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी अशी बोलले नव्हते. शेजारच्या खोलीतलं खुर्च्यांचं सरकणं थांबलं. सरांनी चित्रं गोळा करून माझ्या हातात दिली. "जा. आजच जा. मी चुकलो असं माझ्या नावाने सांगा." सरांबद्दल लोक बरंच काय काय बोलतात, मीही बोलते, पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांना आजही मानते.

वैशाली धायरीला राहायची. सिंहगड रस्त्याच्या गर्दीत रिक्षा मुंगीसारखी सरकत होती आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही. दार तिनेच उघडलं. घरी ती एकटीच होती.

"मॅडम! तुम्ही स्वतः आलात? ह्यूमन ट्रायलची तारीख मिळाली का?"

तिचा चेहरा इतका फुलला होता की तिथूनच परत फिरावंसं वाटलं. मी बसले आणि सांगितलं. सकाळ, दुपार, सलाइन, टेबल, डबे, सगळं.

"म्हणजे उंदरातसुद्धा चालत नाही?"

"चालतं असं म्हणायला आमच्याकडे काही आधार नाही."

"मग छापलंत कशाला?" ती एकदम उभी राहिली. "मी डॉक्टरांना सांगितलंय, थांबणार म्हणून! घरात सगळ्यांशी भांडले. सासूबाई रोज म्हणायच्या, ऑपरेशन करून घे, नातू नको मला, तू हवीस. मी त्यांना तुमची बातमी दाखवली. लॅमिनेट करून ठेवलीय मी ती!"

आत जाऊन तिने ती खरंच आणली आणि माझ्यासमोर आपटली. चकचकीत प्लास्टिकच्या आत आमचे सर, आमचं यंत्र आणि अर्धी मी. मला रडू आवरेना. मी रडायला नको होतं, रडायचा हक्क तिचा होता. ती कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती.

"आता मी काय करू?"

"मी डॉक्टर नाही, वैशाली."

"माहितीये. तुमची मुलगी असती तर?"

मला मुलगा आहे. पण उत्तर शोधावं लागलं नाही. "माझी मुलगी असती तर मी तिला माझ्या कणांची वाट बघत बसू दिलं नसतं. एक दिवससुद्धा."

ती उभ्या उभ्याच म्हणाली, "चहा घेणार होतात का?" पुण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला या प्रश्नाचा अर्थ कळतो. मी चपला घातल्या.

त्यानंतर 'कण कसे आहेत' असं कुणी विचारलं नाही. मीही तिला काही विचारलं नाही. अंगठासुद्धा येणार नाही, ही भीती होती.

सर पुढच्या परिषदेत उभे राहिले आणि झालेला प्रकार त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. मग मागच्या रांगेतून एकाने विचारलं, सलाइन कुठल्या कंपनीचं होतं? पेपरात त्याची एक ओळही आली नाही. लपू न शकणाऱ्या कॅन्सरची बातमी होते, टेबलावर नासलेल्या बाटलीची होत नाही.

ऋतुजाने अंगरखा नव्याने शिवला. आता बाटली दिवसभर बाहेर राहिली तरी कण सुटे राहतात, हे आधी तपासतात आणि मगच उंदराला हात लावतात. उंदरांचा क्रम भिशीसारख्या चिठ्ठ्या टाकून ठरतो, आणि यंत्रापाशी बसलेल्या माणसाला कुठला उंदीर निरोगी, कुठला आजारी हे सांगत नाहीत. तांबेंना हे मुळीच पसंत पडलं नाही. "मॅडम, चिठ्ठीचं काय खरं न्हाई. आजाऱ्याचा हात निरोग्याला लागनार." मग प्रत्येक उंदराला नवे हातमोजे, असा तह झाला. हातमोज्यांचा डोंगर पाहून हिशेब विभागाने जाब विचारला. तो मी त्यांच्यावरच उलटवला, ते इथे सांगत नाही.

नवे कण गाठ ओळखतात, पण सगळ्या नाही. काही आजारी उंदीर उजळ येतात, एखादा निरोगी काळा येतो. ऋतुजा वैतागते. मला ते चुकणारे उंदीर पाहून जिवात जीव येतो. माणसापर्यंत पोचायला अजून किती वर्षं लागतील, हे कुणी विचारलं तर मी आता घड्याळाकडे बघते आणि बोलायचं टाळते. एवढं काम करून एकाही बाईला त्याचा उपयोग झालेला न पाहता मी निवृत्त झाले, याची बोच आहे. ती राहणारच.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी एका दुपारी घराची बेल वाजली. दारात वैशाली. हेल्मेट नव्हतं, रिक्षाने आली होती. जरा वाळली होती. सोफ्यावर बसली आणि या वेळी पाणी घेतलं.

"ऑपरेशन केलं," ती म्हणाली. "तुम्ही येऊन गेल्यावर काही दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. तुमचा तर इतका राग आला होता. मग केलं."

"बरं केलंस." पुढचं तिनेच सांगितलं.

"दुसरं मूल आता नाही. ठीक आहे. म्हणजे ठीक नाहीये, पण आहे." तिने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "काढलेलं सगळं तपासायला पाठवतात ना, त्याचा रिपोर्ट आला. एका नळीच्या टोकाला सापडलं. अगदी सुरुवातीचं. गाठ म्हणण्याएवढंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, नेहमीच्या कुठल्याच स्कॅनमध्ये दिसलं नसतं. सगळं निघालंय म्हणतात. आता तपासण्या करत राहायचं."

मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही.

"मला एकच विचारायचं होतं, मॅडम. मी पहिल्यांदा आले होते, तेव्हाच तुम्ही मला ते कण टोचले असते तर? काय दिसलं असतं?"

काहीतरी मऊ बोलून वेळ मारून न्यावी, असं क्षणभर वाटलं. पण तिला बघू म्हणणारी माणसं आवडायची, आणि मी तिच्याशी एवढी तरी प्रामाणिक राहू शकत होते.

"सकाळी, बाटली ताजी असताना टोचले असते तर काही नाही असं दिसलं असतं," मी म्हटलं. "दुपार उलटलेली असती तर काळं दिसलं असतं. तुझ्या पोटात काय आहे, ते त्या कणांना कळतच नव्हतं."

तिने पर्स खांद्याला लावली.

"मी सकाळचीच वेळ मागितली असती, मॅडम," ती म्हणाली. "नंतर ऑफिस असतं ना."